आधी अपाय नको : जपानी तलवारीची निवड आणि निगा

शल्यकर्माशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना पोलादाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात वीस शस्त्रांची नावे व लक्षणे दिली आणि ते तेथेच थांबले नाहीत. क्षार, उदक व तैल असे शस्त्राला पाणी पाजण्याचे तीन प्रकार, धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा, आणि लावलेली धार टिकावी म्हणून सावरीच्या लाकडाची फळी, हे सारे त्यांनी नोंदवून ठेवले. शस्त्र घडविणे, त्याला धार देणे आणि ती धार सांभाळणे ही तीन निरनिराळी कामे आहेत, ही जाण त्यामागे दिसते. हीच जाण ज्या एका देशाने पराकोटीला नेली आणि आजतागायत जिवंत ठेवली, तो देश म्हणजे जपान होय.

समुराई योद्ध्यांच्या तलवारीविषयी अलीकडे आपल्याकडेही कुतूहल वाढले आहे. चित्रपट, युद्धकलांचे वर्ग आणि घरबसल्या खरेदीची सोय यांमुळे ‘एखादी जपानी तलवार आपल्या दिवाणखान्यात असावी’ असे वाटणारी मंडळी भेटतात. काही घरांत अशी तलवार पूर्वीच येऊन पडलेली असते. या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी प्रस्तुत लेख आहे. त्याचे सार आपल्या व्यवसायातील एका जुन्या सूत्रात सांगता येईल : उपकार करता आला नाही तरी चालेल, पण आधी अपाय करू नये. जपानी पात्यांचे जेवढे नुकसान उपेक्षेने झाले असेल, त्याहून फार निराळ्या जातीचे आणि कायमचे नुकसान उत्साही मालकाच्या हातून होते. ते का, हे समजण्यासाठी प्रथम पात्याची रचना पाहू.

पात्याची शरीररचना

पारंपरिक जपानी पाते ज्या पोलादापासून घडते त्याला ‘तामाहागाने’ म्हणतात. लोहयुक्त वाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत आळीपाळीने घालून, तीन दिवस व तीन रात्री ती भट्टी अखंड पेटती ठेवून हे पोलाद मिळवितात. शेवटी भट्टी फोडावी लागते आणि आतून सुमारे अडीच टनांचा ओबडधोबड गोळा निघतो. त्यातील थोडाच भाग उत्तम प्रतीचा असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बंद पडलेली ही भट्टी शिमाने प्रांतात १९७७ साली पुन्हा सुरू करण्यात आली आणि आजचे लोहार तेथील पोलाद वापरतात.

लोहार हे पोलाद तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकतो. दहा-पंधरा घड्यांत थरांची संख्या हजारांत जाते, मळ बाहेर पडतो आणि कार्बन सर्वत्र सारखा पसरतो. पुष्कळ पात्यांत बाहेरचे आवरण कठीण पोलादाचे आणि गाभा मऊ लोखंडाचा असतो. त्यानंतर पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडविताच धारेचा भाग झपाट्याने थंड होऊन अत्यंत कठीण होतो आणि पाठीचा भाग सावकाश थंड होऊन चिवट राहतो. कठीण झालेल्या भागाचे आकारमान किंचित वाढते, त्यामुळे पाते पाठीकडे वाकते. जपानी तलवारीचा तो सुंदर बाक बराचसा या पाणी पाजण्यातूनच येतो.

दाताचे उदाहरण घेतले तर ही रचना आपल्याला चटकन उमगेल. वरचे दंतवल्क अतिशय कठीण पण ठिसूळ, त्याखालचे दंतद्रव्य तुलनेने मऊ पण धक्के सोसणारे. दोहोंच्या संयोगाने दात शाबूत राहतो. पात्यावर जेथे कठीण धार आणि मऊ अंग एकमेकांस भेटतात, तेथे दुधाळ पांढरी, कधी सरळ तर कधी लाटांसारखी रेषा दिसते. तिला ‘हामोन’ म्हणतात. ती काढलेली नक्षी नसून पोलादाच्या अंतर्गत स्फटिकांचे दर्शन आहे. तिच्या प्रत्येक वळणातून जाणकाराला घराणे आणि शतक ओळखता येते.

पात्याच्या लांबीवरून प्रकार ठरतात. जपानी ‘शाकु’ हे माप ३०.३ सेंटीमीटरचे. धारेचा भाग दोन शाकूंपेक्षा, म्हणजे ६०.६ सेंटीमीटरपेक्षा अधिक लांब असल्यास ‘काताना’, एक ते दोन शाकूंच्या दरम्यान असल्यास ‘वाकिझाशि’, आणि एक शाकूहून आखूड असल्यास ‘तांतो’. काताना व वाकिझाशि ही जोडी कमरेला लावण्याचा मान समुराईंचा होता. १८७६ च्या हुकुमाने तो संपुष्टात आला.

आपल्याकडे ही पाती आली कशी

आपल्या हैदराबादकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. तिसरे सालारजंग यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयाच्या जपानी दालनात समुराई तलवारी आहेत. जिज्ञासूने खरेदीचा विचार करण्यापूर्वी त्या निवांत पाहाव्यात. निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथील मुशीत वितळविलेले पोलाद एकेकाळी इराणपर्यंत जात असे, हे आठवले की दोन परंपरांची तुलना करण्याचाही आनंद मिळतो. आपले पोलाद वितळवून ओतीव गोळ्याच्या रूपात मिळे, तर जपानी पोलाद घड्या घालून शुद्ध केले जाई.

घरोघरी पोहोचलेल्या तलवारींचा मार्ग मात्र निराळा आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैन्य भारतीय होते. १९४५ साली जपानने शरणागती पत्करल्यावर जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी स्वतःच्या हातांनी स्वाधीन कराव्यात, असा या सेनेचे सेनापती स्लिम यांचा आग्रह होता. अशा तलवारी पुढे पलटणींच्या भोजनगृहांत आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी स्मृतिचिन्हे म्हणून राहिल्या. आज त्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या हाती आहेत, आणि बहुधा माळ्यावर आहेत.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात ठेवावी. युद्धकाळातील बहुतेक लष्करी तलवारी कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेल्या होत्या. त्यांत घड्यांचे पोलाद नव्हते आणि पुष्कळदा त्यांना पाण्याऐवजी तेलात थंड केले जाई. परंतु काही अधिकाऱ्यांनी घराण्यातील जुनेच पाते लष्करी मुठीत बसवून घेतले होते. म्हणजे बाहेरून सर्वस्वी सामान्य दिसणाऱ्या मुठीत चारशे वर्षांचे पाते असू शकते. वेष्टनावरून निदान करू नये, हा धडा येथेही लागू पडतो.

निवड : तपासणीचा क्रम

रुग्ण तपासताना आपण क्रम सोडत नाही. तलवार तपासतानाही सोडू नये.

प्रथम आकार पाहावा. पाते उभे धरून त्याची लांबी, बाक, बुंध्याकडून टोकाकडे होत जाणारी निमुळती घट आणि टोकाचा आकार न्याहाळावा. युद्धपद्धती बदलली तसा आकार बदलत गेला, म्हणून काळाचा पहिला अंदाज आकारच देतो. १५९६ पूर्वीची पाती ‘कोतो’ म्हणजे जुनी, त्यानंतरची सुमारे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंतची ‘शिंतो’ म्हणजे नवी, आणि पुढे १८७६ पर्यंतची ‘शिंशिंतो’ म्हणजे नव्याहून नवी, अशी ढोबळ विभागणी आहे.

दुसरे, मुठीच्या आत दडलेला पात्याचा बुंधा पाहावा. याला ‘नाकागो’ म्हणतात. मूठ एका बांबूच्या खुंटीने अडकविलेली असते, ती काढली की बुंधा मोकळा होतो. जुन्या पात्यावर येथे गडद तपकिरी ते काळसर, गुळगुळीत असा गंज शतकानुशतके साचलेला असतो. तो गंज म्हणजे पात्याचा जन्मदाखला होय. नारिंगी, भुसभुशीत गंज अलीकडचा असतो. कानशीचे घाव, खुंटीची छिद्रे आणि असल्यास लोहाराची सही यांची येथेच नोंद करावी. एकाहून अधिक छिद्रे असणे हा दोष नव्हे. कित्येक लांब पाती पुढील काळात बुंध्याकडून आखूड केली गेली, आणि त्यात मूळ सही नाहीशी झाली.

तिसरे, सहीवर विसंबू नये. नामवंत लोहारांच्या खोट्या सह्या शेकडो वर्षांपासून होत आल्या आहेत. उलट, सही नसलेले पाते उत्तम असू शकते. पाते आणि सही यांची साक्ष जुळली पाहिजे, आणि न जुळल्यास पात्याचे ऐकावे.

चौथे, पात्याचे अंग व हामोन पाहावे. एका दिव्याच्या उजेडात पाते किंचित तिरके धरून, आवश्यक तर भिंगाने पाहिले असता खऱ्या हामोनमध्ये धुक्यासारखी छटा किंवा ताऱ्यांसारखे बारीक कण दिसतात. बाजारातील शोभेच्या तलवारींवर आम्लाने किंवा तारेच्या ब्रशाने काढलेली लाट सपाट आणि एकसुरी दिसते. गंजरोधक पोलादाचे पाते, मुठीत गेलेली बारीक काडीसारखी शेपटी आणि मुठीच्या टोकाशी नट-बोल्ट, ही लक्षणे दिसल्यास ती भिंतीवर लावण्याची वस्तू समजावी. तिने काहीही तोडण्याचा प्रयोग करू नये, कारण पाते मुठीतून सुटून समोरच्याच्या अंगावर जाऊ शकते. ‘इआइदो’ या कलेच्या सरावासाठी मिळणारी बिनधारेची मिश्रधातूची तलवार हा आणखी निराळा आणि नवशिक्यास योग्य असा प्रकार आहे.

साध्य आणि असाध्य दोष

घड्यांतील लहान फट किंवा फुगवटी हे दोष किंमत कमी करतात, पण ते पात्याच्या जिवावर बेतत नाहीत. काही दोष मात्र असाध्य मानले जातात. धारेला काटकोनात गेलेली केसासारखी चीर हा त्यांतील पहिला. ती नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही, परंतु तेथून पाते केव्हाही दुभंगू शकते. टोकाकडील कठीण भागच झिजून नाहीसा झालेला असणे हा दुसरा. आगीत सापडून पात्याचे पाणी उतरले असणे हा तिसरा. अशा पात्याला पुन्हा पाणी पाजले तरी मूळचे तेज आणि मूळचा पुरावा परत येत नाही.

मोठ्या किमतीची खरेदी असेल तर प्रमाणपत्र मागावे. १९४८ साली स्थापन झालेली जपानी कलात्मक तलवारींच्या संवर्धनाची संस्था पाती तपासून ‘होझोन’, ‘तोकुबेत्सु होझोन’, ‘जुयो’ आणि ‘तोकुबेत्सु जुयो’ अशा चढत्या श्रेणीची प्रमाणपत्रे देते. नवशिक्याने मोठ्या नावाच्या पण थकलेल्या पात्यापेक्षा अल्पख्यात लोहाराचे पण निरोगी पाते पसंत करावे. आजचे परवानाधारक लोहारही उत्तम काम करतात. किमान पाच वर्षे गुरुगृही राहिल्याखेरीज त्यांना परवाना मिळत नाही, आणि महिन्याला दोनच लांब तलवारी घडविण्याची त्यांना मुभा असते.

खरेदीपूर्वी कायद्याचा विचार टाळू नये. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत तलवारीची गणना शस्त्रांत होते. परदेशातून शस्त्र आणण्यास परवाना लागतो, आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत तलवार बाळगण्यासही तो लागतो. म्हणून पैसे देण्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्या कार्यालयात लेखी चौकशी करावी. घरात वारसाने आलेल्या तलवारीबाबतही हेच करावे. जपानमधून पाते बाहेर नेण्यास तेथील सांस्कृतिक विभागाची परवानगी आवश्यक असते.

निगा : थोडे, पण नियमित

पात्याचा शत्रू एकच, आणि तो म्हणजे ओलावा. बोटांवरील घाम व क्षार, बोलताना उडणारे थुंकीचे कण, पावसाळी हवा, हे सारे त्याचेच दूत. म्हणूनच उघडे पाते हाती घेतल्यावर जपानी मनुष्य बोलत नाही. काही जण तर ओठांत कागदाची घडी धरतात. आपणास मुखपट्टीची सवय आहेच, ती येथेही चालेल.

म्यानातून पाते काढताना धार वर ठेवावी आणि पाठ म्यानाच्या आतील लाकडावरून सरकू द्यावी. म्यान धरणाऱ्या हाताची बोटे कधीही धारेच्या बाजूच्या सांध्यावर वळवू नयेत. जुन्या म्यानाचा सांधा उकललेला असतो आणि पाते आतून तळहातापर्यंत पोहोचते. हाताच्या आकुंचक स्नायुबंधांची दुरुस्ती किती जिकिरीची असते, हे या वाचकवर्गाला सांगायला नको. घरातील मुले खोलीत नसताना, सतरंजी किंवा जाड कापड अंथरून आणि जमिनीवर बसूनच हे काम करावे.

त्यानंतर खुंटी काढून मूठ, चकती आणि बुंध्याजवळचे धातूचे कडे अलग करावे. जुने तेल मऊ, बिनवासाच्या टिश्यू कागदाने बुंध्याकडून टोकाकडे, नेहमी पाठीच्या बाजूने कागद धरून, हलक्या हाताने पुसावे. परंपरेने यासाठी घोटण्याच्या दगडाची अतिसूक्ष्म पूड, ‘उचिको’, वापरतात. तीही सूक्ष्म प्रमाणात घासतेच, आणि हलक्या प्रतीची पूड तर ओरखडे पाडते. म्हणून आता अनेक जाणकार जवळजवळ निर्जल असे आयसोप्रोपिल अल्कोहोल कागदावर घेऊन तेल काढणे पसंत करतात. दवाखान्यातील ७० टक्क्यांचे स्पिरिट मात्र वापरू नये, कारण उरलेला भाग पाणी असते. अल्कोहोल लाखेच्या म्यानाला लागू देऊ नये आणि जवळ ज्योत असू नये.

पाते कोरडे झाल्यावर उजेडात दोन्ही बाजूंनी तपासावे. मग लवंगेच्या वासाचे ‘चोजि’ तेल किंवा शिलाई यंत्राचे स्वच्छ खनिज तेल दोन-तीन थेंब कागदावर घेऊन अगदी पातळ थर द्यावा. थेंब ओघळता कामा नये. खोबरेल, तिळेल अशी वनस्पतिज तेले कालांतराने चिकट होतात, ती टाळावीत. बुंध्यावर वेगळे तेल ओतू नये, बोटांना राहिलेले तेल तेथे पुरते. खुंटी परत घट्ट बसली की नाही हे पाहावे. सैल किंवा चिरलेली खुंटी हा अपघाताचा मुख्य स्रोत आहे.

नव्याने घोटलेल्या पात्यासाठी हा विधी पहिले काही महिने दर महिन्याला, आणि नंतर वर्षातून दोन-तीनदा पुरतो. आपल्या हवामानात मृगापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, असा नेम सोयीचा ठरेल. तलवार आडवी आणि धार वर करून ठेवावी. वातानुकूलन यंत्राच्या झोतात ठेवू नये, कारण अति कोरड्या हवेत म्यानाचे लाकूड आकसून फाटते. उत्तम पात्यासाठी ‘शिरासाया’ नावाचे साधे, बिनरोगणी लाकडी म्यान करून घेतात. असे म्यान भाताच्या खळीने मुद्दाम कच्चे चिकटविलेले असते, जेणेकरून पुढे ते उकलून आतून स्वच्छ करता यावे. फेव्हिकॉलसारख्या पक्क्या डिंकाने ते सांधणे म्हणजे ती सोय कायमची बंद करणे होय.

जे कधीही करू नये

बुंध्यावरील गंज घासू नये. पात्यावर पॉलिश पेपर, राख, चिंच, लिंबू किंवा धातू चकाकविणारी पेस्ट लावू नये. धार लावणाऱ्याच्या फिरत्या चाकाशी तर ते कधीच नेऊ नये. चाकाच्या उष्णतेने धारेचे पाणी उतरते, काटेकोर कडा गोल होतात आणि सही पुसट होते. ज्याला आपण ‘चकचकीत झाली’ म्हणतो, त्या तलवारीचे वय, घराणे व किंमत एका दुपारी पुसली गेलेली असते.

जपानी शिकलगाराला ‘तोगिशि’ म्हणतात. पुरता तयार होण्यास त्याला सुमारे दहा वर्षे लागतात. एकामागून एक सूक्ष्म होत जाणाऱ्या नैसर्गिक दगडांवर तो एका पात्यासाठी आठवडेच्या आठवडे घालवितो. तरीसुद्धा त्याच्या प्रत्येक घोटण्यात थोडे पोलाद जातेच. कठीण आवरण पातळ होत होत शेवटी मऊ गाभा वर दिसू लागतो, आणि ते पाते ‘थकले’ असे म्हणतात. म्हणजे पात्याच्या आयुष्यात घोटण्याच्या वेळा मोजक्याच असतात. त्यांतील एक आपल्या हौसेपायी खर्च करण्यापूर्वी दहादा विचार करावा. गंजाचा ठिपका दिसला तर तेल लावून त्याची वाढ थांबवावी, छायाचित्रे घ्यावीत आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा. युद्धकालीन कारखानी तलवार असल्यास ती घोटण्यासाठी जपानला पाठवू नये. तेथील कायद्याने तिची नोंदणी होत नाही, आणि ती परत मिळणार नाही.

मालक नव्हे, विश्वस्त

या क्षेत्रात आपल्या व्यवसायबंधूंची दोन नावे आदराने घेतली जातात. बोस्टनचे डॉ. विल्यम स्टर्जिस बिगेलो १८८२ साली जपानला गेले आणि तेथे कित्येक वर्षे राहिले. समुराईंच्या तलवारी कवडीमोलाने विकल्या जाण्याचा तो काळ. त्यांनी जमविलेला कलासंग्रह, त्यातील तलवारींसह, १९११ साली बोस्टनच्या ललितकला संग्रहालयास दिला. दुसरे डॉ. वॉल्टर कॉम्प्टन. अल्का-सेल्ट्झर तयार करणाऱ्या माइल्स कंपनीचे ते प्रमुख होते. युद्धानंतरच्या धामधुमीत कागोशिमाच्या तेरुकुनि मंदिरातून नाहीशी झालेली, कुनिमुने या लोहाराने घडविलेली तलवार त्यांच्या संग्रहात आली. ती जपानची राष्ट्रीय ठेव आहे हे कळल्यावर त्यांनी १९६३ साली कोणताही मोबदला न घेता ती परत पाठविली. याउलट ‘होंजो मासामुने’ ही जगद्विख्यात तलवार डिसेंबर १९४५ मध्ये तोक्योच्या एका पोलीस ठाण्यात जमा झाली आणि तेव्हापासून तिचा ठावठिकाणा लागलेला नाही. ती आज कोणाच्या माळ्यावर असेल, आणि कोणी तिला पॉलिश पेपर लावला असेल काय, या विचाराने जाणकारांची झोप उडते.

सातशे वर्षांचे पाते आज लखलखीत दिसते, ते पंचवीस-तीस पिढ्यांनी न चुकता दोन थेंब तेल लावले आणि इतर काही केले नाही म्हणून. ज्यांच्या घरी अशी तलवार आहे, त्यांनी यंदाच्या मृगापूर्वी ती माळ्यावरून खाली काढावी, कायदेशीर स्थितीची खातरजमा करावी, मूठ उतरवून बुंध्याचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, कोरड्या कागदाने पुसून तेलाचा पातळ थर द्यावा आणि तेथेच थांबावे. पुढचे काम जाणकाराचे आहे.